घरच्या कुत्र्यासाठी ॲलोपॅथी की देशी औषध?

लसीकरणाची चर्चा आधी बाजूला ठेवू. रेबीज आणि पार्व्होच्या (पिल्लांना उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूच्या) लसीला कुठल्याच पुडीत पर्याय नाही, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कोणत्याही पद्धतीत इलाज उरत नाही. निवड करायची वेळ येते ती पुढच्या आजारपणात. आमच्या परभणीकडे तर उन्हाळ्यात गोचीड वाढले की हा प्रश्न घरोघर निघतो.

झाडपाल्याला मी नावं ठेवणार नाही. गाईच्या काससुजीवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय डेअरी विकास मंडळसुद्धा सुचवतं. पण तो लेप कशाचा, किती आणि कितीदा लावायचा, हे तिथं स्पष्ट असतं. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या पुड्यांवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पिल्लाच्या तोंडातले मस थुजा या होमिओपॅथीच्या औषधाने गेले असं बरेच जण सांगतात, पण विषाणूमुळे येणारे ते मस काही महिन्यांत बहुतेक वेळा आपोआपच झडतात.

आमच्या चिंगीला गोचीड ताप आला तेव्हा आम्ही दोन्हीकडे गेलो. खाणं सुटलेलं, हिरड्या पांढुरक्या, पोटाच्या कातडीवर लाल बारीक ठिपके. पुड्या देणारे गृहस्थ मनाने फार चांगले. ती कुठं झोपते, काय खाते, कशाला घाबरते, सगळं त्यांनी निवांत विचारलं. एवढा वेळ आम्हाला कुठल्या दवाखान्यात मिळाला नव्हता. शेवटी मी विचारलं, "गुण येत नाहीये, हे आम्ही कधी समजायचं?" ते म्हणाले, "आधी थोडं वाढेल, मग उतरेल." म्हणजे ताप उतरला तरी औषध लागू पडलं, आणि वाढला तरी लागू पडलं! माझं मन तिथंच फिरलं. जनावर काही बोलून सांगत नाही. त्याच्या आजारात थांबायचं कधी आणि पळायचं कधी, एवढं तरी माणसाच्या हातात हवं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट घसरल्याचं दाखवलं, वजन करून डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून दिलं. म्हणाले, "दोन-तीन दिवसांत खायला लागली नाही तर परत आणा, बेबेसिया बघू." बेबेसिया म्हणजे गोचिडामुळेच होणारा रक्ताचा दुसरा आजार. त्या मुदतीत चिंगीने भाकरीचा काला खाल्ला. एका कुत्रीवरून नियम काढू नये, हे मान्य. पण तिने खाल्लं नसतं तरी पुढं काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. हा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, आणि अर्धवट सोडला तर आजार उलटू शकतो.

ॲलोपॅथीचा त्रास नाही असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर बहुतेक गाई-म्हशींच्या मागे असतात, कुत्र्याला घाईत बघतात. रक्ततपासणीला जिल्ह्याला जावं लागतं. गोचिडांवरची तीन महिने चालणारी गोळी महाग आहे, आणि फिट येणाऱ्या कुत्र्याला ती विचारल्याशिवाय देऊ नये. शिवाय नुसत्या गोळीवर भागत नाही. मादी गोचीड भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे माळवदाच्या जुन्या घरात फटी लिंपल्याशिवाय सुटका नाही. करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल आम्हीही लावून पाहिलं. चार गोचीड कमी होतात, फटीतले तसेच राहतात.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीत मात्र मी देशी बाजूला थोडं झुकतं माप देईन. वेदनाशामक गोळ्या फार दिवस दिल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतं, तिथं मालिश आणि शेक उपयोगी पडतो. पण तेही डॉक्टरांना सांगूनच करा, आणि तेलात काय आहे ते आधी विचारून घ्या. कुत्रं अंग चाटतं, आणि लसूण पोटात गेला तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.