हबला धरून बसलेले चाक आणि टॉर्क पाना: कोकणातल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

समुद्रालगतच्या गावात गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर चाक काढणे हे पंक्चर झाल्यावरचे काम न ठेवता नेमाने करावे, असे माझे मत झाले आहे. रत्नागिरीत आमची फोक्सवॅगन पोलो अलॉय चाकांवर चालते. तिच्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मी ४० ते २१० न्यूटन मीटर मापाचा टॉर्क पाना (आवळण्याचा ठरवलेला जोर लागताच टक् करून सांगणारा पाना), १७ मिलिमीटरचा सॉकेट, एक गाईड पिन आणि तारेचा ब्रश घेतला. आता पावसाळा आणि त्यापुढचा हिवाळा काढून झाला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खरेदीला निमित्त झाले ते पुढचे डावे चाक. एका गॅरेजात ते एअर गनने इतके आवळले होते की बोल्ट सोडवताना पान्यावर अंगाचा सगळा भार टाकावा लागला, आणि पाचही बोल्ट हातात आल्यावरही चाक जागचे हलेना. पोलोच्या चाकाचे मधले छिद्र ५७.१ मिलिमीटरचे असून ते हबच्या, म्हणजे चाक ज्याला बोल्टने जोडले जाते त्या फिरत्या भागाच्या, गोल उंचवट्यावर नेमके बसते. चाक मध्यावर राखण्याचे काम हा उंचवटा करतो. हब लोखंडी, चाक ॲल्युमिनियमचे आणि मध्ये खारे पाणी शिरले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तिच्यातून तयार होणारा गंज आणि पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतात, त्यामुळे आधीच नाममात्र असलेली फट भरून चाक हबला धरून बसते.

असे चाक सोडवण्याची मला सर्वांत भरवशाची वाटलेली रीत अशी: जॅक लावून गाडी जॅक स्टँडवर टेकवावी, दोन बोल्ट चार-पाच आटे धरून सैल ठेवावेत, म्हणजे चाक एकदम सुटून अंगावर येणार नाही, आणि मग टायरच्या आतल्या बाजूला लाकडी ठोकळा धरून त्यावर हातोडा मारावा; चाक थोडे फिरवावे, पुन्हा मारावा. रिमच्या कडेवर किंवा ब्रेक डिस्कवर घाव घालू नये. गंज सैल करणारे तेल मधले झाकण काढून उंचवट्याच्या कडेला थेंबभरच सोडावे, कारण ते डिस्कवर किंवा पॅडवर ओघळले तर ब्रेकच निकामी होतो. चाक तापवण्याचा सल्ला काही जण देतात. टायर, बेअरिंगचे सील आणि एबीएसचा सेन्सर इतक्या जवळ असताना तो मुळीच मानू नये.

चाक निघाल्यावर हबचा चाकाला टेकणारा सपाट भाग आणि उंचवटा ब्रशने घासून स्वच्छ करावा, हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. गाडीचा भार बोल्टांच्या दांड्यांवर लटकत नाही. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण भार पेलते. मध्ये गंजाचा एक पापुद्रा राहिला, तरी तो चालताना चुरतो आणि बोल्ट ढिले पडतात. उंचवट्यावर चिकटरोधक पेस्टचा पातळ थर द्यावा, पण बोल्टच्या आट्यांना आणि बैठकीला, म्हणजे डोक्याखालच्या चाकावर टेकणाऱ्या भागाला, ती लावू नये. आवळण्याच्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि चाळीसेक टक्के आट्यांत खर्च होतो, जेमतेम दहा टक्क्यांतून दाब निर्माण होतो. वंगण लावले की आवळण्याचा तोच जोर बोल्टला प्रमाणाबाहेर ताणतो. पोलोच्या बोल्टची बैठक अर्धगोल असते, त्यामुळे बाजारातला शंकूच्या बैठकीचा बोल्ट आट्यांना जुळला तरी चाकावर त्याचा निमुळता काठच टेकतो.

गाईड पिन स्वस्त असूनही मला सर्वांत जास्त आवडली. पोलोला हबवर खुंट्या नसून बोल्ट आत जातात, त्यामुळे एका हाताने चाक पेलून दुसऱ्याने छिद्र शोधावे लागते. वरच्या छिद्रात पिन फिरवून बसवली की चाक तिच्यावर टांगून ठेवता येते आणि बोल्ट हातानेच सरळ फिरत जातात.

टॉर्क पान्याबद्दल मात्र थोडी नाराजी आहे. १२० न्यूटन मीटरला तो स्पष्ट टक् करतो, पण दांड्यावरची मापाची रेघ बारीक आणि फिकी असल्यामुळे संध्याकाळी टॉर्च धरल्याशिवाय वाचता येत नाही. बोल्ट ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून पुन्हा तपासावेत. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा, नाहीतर स्प्रिंग सतत दाबलेली राहून माप बिघडते, आणि बोल्ट सैल करायला तो कधीही वापरू नये. त्यासाठी साधा लांब दांडा पुरतो. पावसाळ्यानंतर तेच डावे चाक ठोकळ्याशिवाय, दोन्ही हातांनी हलवताच निघाले, आणि हबवर पांढरी भुकटी नव्हती.