जिंप : हापूसचा तोतापुरी करतं आणि परत हापूसही करून देतं

मी काय डिझायनर नाही. देवगडात आमची कलमं आहेत, एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईला आंबा जातो, त्या बॉक्सवरचं लेबल मीच बनवतो आणि तेही जिंप ह्या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण ते फुकट आहे आणि फोटोशॉपला दर महिन्याला पैसे भरणं सीझनच्या धंद्याला परवडत नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू एकाच कामाचा, फोटोची साइझ बरोबर करण्याचा. बाकी त्यात काय काय भरलंय ते मला अजून पण माहीत नाही.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. लेबल हवं 6 बाय 3 इंच, प्रेसवाला बोलला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) दे, म्हणजे 6 गुणिले 300 आणि 3 गुणिले 300, झाले 1800 बाय 900 पिक्सेल. इथपर्यंत हिशोब जमला. मोबाइलचा फोटो होता 4000 बाय 3000. इमेज मेनूत स्केल इमेज उघडलं, रुंदीत 1800 टाकले तर उंची आपोआप 1350 झाली, मला तर हवे 900, मग बाजूला रुंदी-उंची एकत्र बांधून ठेवणारी ती साखळीची खूण असते ना ती तोडली आणि ठोकले 900. स्क्रीनवर काय जाणवलं नाही, रात्रीचे बारा वाजलेले. 500 लेबलं छापून आली आणि बाबांनी एक हातात घेऊन विचारलं, "रे, ह्यो हापूस हा काय तोतापुरी?" आडवा ठेवलेला आंबा वरून-खालून दाबला गेलेला, पार लांबुडका.

चूक जिंपची नव्हती, साखळी मी तोडलेली. 4 ला 3 असा फोटो 2 ला 1 च्या चौकटीत कोंबला तर तो दबणारच, आधी कापायला पाहिजे. आता क्रॉप टूल घेतो, त्याच्या ऑप्शनमध्ये फिक्स्डला टिक करून 2:1 टाकतो, आंबा मधे धरून 4000 बाय 2000 कापतो आणि मग स्केलमध्ये नुसते 1800 टाकले की 900 आपसूक येतात, साखळीला हात लावायचा नाही. खाली इंटरपोलेशन (साइझ बदलताना नवे पिक्सेल कुठल्या पद्धतीने बनवायचे) म्हणून एक खाना आहे, तिथे क्युबिक असतं, पण निम्म्यापेक्षा लहान करायचं असेल तर नोहालो घ्या, देठाजवळची कड स्वच्छ राहते. ह्यात नन (None) घेतलं तर कडा दातेरी होतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

अजून एक घोळ म्हणजे प्रिंट साइझ. ते वेगळं आहे, त्याने पिक्सेल एक पण बदलत नाही, फक्त कागदावर किती इंचात पसरायचे ते ठरतं. माझ्या फोटोवर 72 डीपीआय लिहिलेलं असायचं, म्हणजे 4000 पिक्सेलचे 55 इंच, मी खूश की केवढा मोठा फोटो! तोच 300 ने छापला तर 13 इंच. आणि चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो 1600 बाय 1200 चा निघाला, त्याचा स्टॉलसाठी 4 फुटी बॅनर केला तर इंचाला जेमतेम 33 पिक्सेल, फाटणार नाही तर काय होणार. मोठा करून नवीन बारकावे येत नाहीत हो, जिंप पण नुसतं मधलं भरतं. तेव्हा मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

तक्रारी आहेतच. सेव्ह केलं की एक्ससीएफ नावाची जिंपची स्वतःची फाइल बनते जी प्रेसवाल्याकडे उघडत नाही, जेपीजी पाहिजे तर एक्सपोर्ट वेगळं करायचं, हे कळायला मला आठवडा गेला. आपोआप सेव्ह होत नाही, आणि आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, दोनदा सगळं काम गेलं. जुन्या कंप्युटरवर उघडायला एवढा वेळ घेतं की चहा होतो.

एक्सपोर्ट करताना मात्र क्वालिटीची पट्टी सरकवत किती केबी होतात ते बघता येतं, ह्यासाठी मी पाचपैकी चार देईन. बहिणीच्या परीक्षेच्या फॉर्मला 3.5 बाय 4.5 सेंटीमीटरचा फोटो हवा होता, 300 डीपीआयने 413 बाय 531 पिक्सेल केला आणि पट्टी खाली आणत 50 केबीच्या आत बसवला, सायबर कॅफेची चक्कर वाचली.

ती 500 तोतापुरी लेबलं अजून आहेत. मागची बाजू कोरी असल्यामुळे बाबा त्यावर मजुरीचा हिशोब लिहितात.