बियाण्याचं ॲप बरं हाय, पण तारीख टाकतानी जीव जाते (२ स्टार)

सोयाबीनच्या सल्ल्याचं हे ॲप बाबांच्या नावानं घेतलं. भाव, हवामान ठीक दाखवते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तारखेचा रकाना बनवणाऱ्यानं कधी म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म भरला नसन. बाबांची जन्मतारीख १ जून १९५८ (गावातल्या अर्ध्या लोकायची १ जूनच हाय, मास्तरानं शाळेत लिवली तीच), अन् कॅलेंडर उघडते आजच्या महिन्यावर, मागं जायले फक्त एक बाण, म्हणजे आठशेच्या वर टिचक्या! हातानं टाइप करू देत नाही. जन्मतारखेले तर दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने पुरे होते ना बाप्पा.

पेरणीची तारीख मात्र टाइप करता येते, तिथं वेगळीच गंमत. ०७/०६ टाकलं तं ह्यानं अमेरिकेसारखा महिना आधी धरला, ७ जूनची पेरणी ६ जुलै झाली अन् फवारणीचा मेसेज महिनाभर उशिरा आला. शेजाऱ्यानं २५/०६ टाकलं तं लाल अक्षरात 'चुकीची तारीख', तो बिचारा चार वेळा तेच टाकत बसला. निदान त्याले समजलं तरी, माही तं गुपचूप बदलली. आतमध्ये २०२५-०६-०७ असं वर्ष आधी ठेवा, आयएसओ ८६०१ हा तारीख लिवायचा जागतिक नियम त्याच्यासाठीच हाय, पण आमाले दाखवतानी '७ जून' असं महिन्याचं नाव लिहा की राजेहो.

कस्टमर केअरवाली म्हणे ॲप अपडेट करा. केलं. बाण अजून एकच हाय.