‘ई देसु ने’ की ‘केक्को देसु’?

जपानीत दाद द्यायची तर नवशिक्याने डोळे मिटून ‘ई देसु ने’ म्हणावं. ‘छान आहे ना!’ एवढाच अर्थ. ‘देसु’मधला ‘उ’ जवळजवळ गिळायचा. शेवटचं ‘ने’ आपल्या ‘ना’सारखंच, समोरच्याला सोबत घेणारं. ते मात्र विसरू नका. दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर नुसतं ‘ई देसु’ म्हणालात, तर ‘नको’ असाच अर्थ घेतला जातो. (जुलै २०२० पासून तिथे प्लास्टिक पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो.)

‘केक्को देसु’ जास्त अदबीचं, पण निसरडं. ‘उत्तम’ही तेच आणि ‘नको, पुरे’ही तेच. ‘आणखी चहा ओतू का?’ यावर हात किंचित आडवा धरून म्हटलं की नकारच. साहेबांच्या कामाला ‘केक्को देसु’ म्हणालात, तर तुम्हीच वर बसून पसंतीचा शिक्का मारल्यासारखं वाटतं. शब्द तसा वजनदार. ‘निक्को पाहिल्याशिवाय केक्को म्हणू नका’ अशी तिथली म्हणच आहे. निक्को म्हणजे तोशोगू मंदिराचं गाव. पण पहिलं वर्षभर तरी तो फक्त नकारासाठीच वापरा, असं मी म्हणेन.