पायथन ट्युटर: लॅबमध्ये दोन वर्षं वापरल्यावर

फर्स्ट इयरच्या पोरांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते मी, आणि लॅबमध्ये काय चालतं ते सगळ्यांना माहितीये, फळ्यावरचा प्रोग्राम उतरवायचा, रन करायचा, जर्नलमध्ये आउटपुट चिकटवायचं, सही घ्यायची, झालं. पण कोड चालला म्हणजे कळला असं नसतं ना. म्हणून दोन वर्षं पायथन ट्युटर वापरतेय. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये बनवलेली साइट, फुकट, लॉगिन नको, इन्स्टॉल करायची भानगड नाही, जावा, सी, सी प्लस प्लस पण चालतं. कोड टाकायचा आणि एकेक ओळ पुढे न्यायची, मेमरीत काय बदललं त्याचं चित्र शेजारी दिसतं. मागेही जाता येतं, हे फार कामाचं.

पण नुसतं प्रोजेक्टरवर दाखवलं तर पोरं पिक्चर बघितल्यासारखी बघतात आणि विसरतात. मी नेक्स्ट दाबायच्या आधी थांबते. समजा ए नावाची लिस्ट, त्यात १, २, ३. मग बी इज इक्वल टू ए. मग बी मध्ये ४ अपेंड, म्हणजे शेवटी जोडायचा. आता ए प्रिंट केलं तर काय येईल? आधी वहीत उत्तर लिहायचं, मग शेजारच्याशी बोलायचं, मगच मी बटण दाबणार. बरीच पोरं १, २, ३ वर ठाम असतात, जोरात वाद होतो आणि मग स्क्रीनवर ए आणि बी चे दोन बाण एकाच लिस्टकडे जाताना दिसतात, म्हणजे उत्तर १, २, ३, ४. कधीच न बोलणारी मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅम, म्हणजे लिस्ट एकच आहे, नावं दोन!" मी चारदा फळ्यावर लिहून सांगितलं असतं तरी हे इतकं पोचलं नसतं.

ही पद्धत माझी नाही, थिंक-पेअर-शेअर म्हणतात हिला, आधी स्वतः विचार, मग जोडीत चर्चा, मग सगळ्यांसमोर. आयआयटी मुंबईत ४०० च्या वर मुलांच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात ती वापरली, २०१३ मध्ये त्यावर पेपर आला, त्यात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. त्यामुळे "वर्ग मोठा आहे, जमत नाही" हे मला तरी पटत नाही.

साइट छोट्या कोडसाठीच आहे, हजार स्टेप्सला थांबते, नमपाय-पांडाज या डेटावर काम करायच्या लायब्ररींच्या प्रॅक्टिकलला उपयोग नाही. पण रिकर्शनला, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं तिथे, जबरदस्त! ४ चा फॅक्टोरियल (४×३×२×१) टाकून बघा, फंक्शनच्या प्रत्येक कॉलची चौकट, म्हणजे फ्रेम, एकाखाली एक येत जाते आणि उत्तर देऊन एकेक मिटत जाते. फक्त पोरांना आधी ते कागदावर काढायला लावा, मग दाखवा.