गिटारवर लेझरची नक्षी: बॉडीवर, पिकगार्डवर की नेकप्लेटवर?

इलेक्ट्रिक गिटारवर आपलं डिझाइन कोरून घ्यायचं म्हटलं की चर्चा लगेच मशीनच्या वॉटवर जाते. आधी नक्षी कुठल्या भागावर हवी ते ठरवा: बॉडीवर, पिकगार्डवर (पिकच्या ओरखड्यांपासून बॉडी वाचवणारी पातळ प्लेट) की नेकप्लेटवर (मान जिथे बॉडीला जोडते तिथली, मागच्या बाजूची धातूची पट्टी). मशीन कुठलं लागेल हे त्यावरूनच ठरतं, आणि कधीकधी लेझरची गरजच नाही हेही कळतं.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. लाकूड, अॅक्रिलिक, लॅकर हे तिला चटकन शोषून घेतात, उघडा धातू मात्र परतवून लावतो. फायबर लेझर १०६४ नॅनोमीटरचा. तो धातूवर सुरेख चालतो, लाकडावर जवळजवळ निरुपयोगी. साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा डायोड लेझर लाकडावर चालतो, पण सावकाश. पारदर्शक अॅक्रिलिकमधून तर तो आरपार निघून जातो. संरक्षक चष्माही त्या त्या तरंगलांबीचाच लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

रंग न दिलेली कोरी बॉडी असेल तर लेझरइतकी मजा दुसऱ्या कशात नाही. मेपल आणि आल्डरची घडण एकसारखी, त्यामुळे बारीक रेषाही स्वच्छ उठतात. ॲश दिसायला देखणा, पण इथे त्रास देतो: लाकडाच्या दोन शिरांमधला मऊ भाग खोल जळतो, कडक शिरा तशाच उभ्या राहतात. कोरलेल्या भागावरून बोट फिरवलं तर कॉर्डरॉयच्या कापडासारखं लागतं. ठळक, मोठ्या आकृतीत ते शोभतं. चेहरा किंवा बारीक अक्षरं मात्र पार बिघडतात. वर व्हेनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर आणखी जपा. तो बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, जरा पॉवर जास्त झाली की खालचं लाकूड डोकावतं.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर), मग लेझर, मग काजळी पुसणं आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. सीलरशिवाय कोरलं तर काजळी लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि डिझाइनभोवती मळकट सावली राहते, ती पॉलिश पेपरनेही सहजी निघत नाही. क्लिअर कोटचे थर जाड झाले तर उथळ रेषा बुजतात, म्हणून डिझाइन थोडं खोल आणि थोडं ढोबळ ठेवलेलं बरं.

बॉडीचा आकारही बघा. टेलिकास्टरची सपाट फळी लेझरला सोयीची. लेस पॉलचा कोरीव फुगीर माथा अवघड, कारण फोकस काही मिलिमीटरच्या पलीकडे सरकला की रेष जाड आणि फिकी होते. शिवाय ३०० बाय २०० मिलिमीटरच्या छोट्या मशीनमध्ये पूर्ण आकाराची बॉडी मावतच नाही. त्यापेक्षा उघड्या चौकटीचा डायोड लेझर बॉडीवर ठेवून काम होतं. तिथे धूर ओढून घ्यायची सोय मात्र तुम्हालाच करावी लागते.

रंगवलेली, वाजती गिटार असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पॉलिएस्टर फिनिशचा जाड थर कडेला वितळतो, पिवळा पडतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर तर ज्वलनशील. आणि एक रेष चुकली की आख्खी बॉडी पुन्हा रंगवायची!

त्यापेक्षा पिकगार्ड. स्क्रू काढले की सुटतो, बिघडला तर बदलता येतो. पण बाजारातले बरेच थरांचे पिकगार्ड पीव्हीसीचे असतात, ते लेझरखाली कधीच घालू नका. हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, फुप्फुसांना घातक आणि मशीनच्या धातूलाही गंज आणणारा. जुने सेल्युलॉइडचे पिकगार्ड भडकन पेटतात. त्यामुळे नवा अॅक्रिलिकचा कापून घ्या. पारदर्शक शीटवर सीओटू लेझरने मागून उलटं डिझाइन कोरून खाचांत रंग भरला तर समोरची बाजू गुळगुळीत राहते आणि हाताच्या घासण्याने नक्षी झिजत नाही.

धातूत सर्वांत सोपी नेकप्लेट: छोटी, सपाट, स्वस्तात बदलता येणारी. स्टेनलेस किंवा पितळेची घेऊन फायबरने कोरा. क्रोम चढवलेल्या साध्या पोलादावर खोल कोरलं की मुलामा फुटतो आणि हाताच्या घामाने गंज धरतो. अॅनोडाइज्ड (वर रंगीत ऑक्साइडचा थर चढवलेल्या) अॅल्युमिनियमवर सीओटूही चालतो, कारण तिथे वरच्या थरातला रंगच उडवायचा असतो. पिकअपचं (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाचं) कव्हर मात्र काढूनच कोरा, आतली कॉइल बऱ्याचदा मेणात बुडवलेली असते आणि मेण उष्णतेने वितळतं.

धातूवर हाताच्या कोरणीला तोड नाही, हेही सांगायला हवं. गिटार घडवणारे टोनी झेमायटिस यांच्या धातूच्या दर्शनी पत्र्याच्या गिटारींवर डॅनी ओब्रायन नक्षी कोरत. ते मूळचे बंदुकांवर कोरणारे कारागीर. हाताची तिरकी खाच गिटार हलली की चमकते, लेझरची रेष बहुधा करडी आणि निस्तेज दिसते.

फिंगरबोर्डवर शिंपल्याचं इनले, म्हणजे खळग्यात बसवलेली नक्षी, हवं असेल तर सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरण्याचं यंत्र) घ्या. त्याचा खळगा सपाट तळाचा होतो. लेझरच्या खळग्यात जळका थर राहतो, गोंद त्यावर नीट धरत नाही. राउटरने आतले कोपरे गोलसर येतात, ते छिन्नीने काढावे लागतात, तेवढंच.

आवाजाची काळजी करू नका, मिलिमीटरभर नक्षीने फरक ऐकू येणार नाही. पुन्हा विकायची असेल तर मात्र दुसऱ्याच्या नावाची गिटार कोण घेणार?

म्हणजे किटमधून गिटार बांधत असाल तर बॉडी, वाजती गिटार सजवायची असेल तर नेकप्लेट किंवा अॅक्रिलिक पिकगार्ड. बॉडीच ठरली तर पॉवर आणि वेगाची चाचणी पिकगार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर घ्या. लाकूड तेच असतं आणि डाग कुणाला दिसत नाही.