पिशवी तीच, पण आतलं खाणं तेच आहे का?

मोठ्या मांजरांसाठीचं हे कोरडं खाणं चांगलं आहे, हे आधीच सांगते. माझ्या दोन्ही मांजरी ते आवडीने खातात, शी घट्ट होते, केस गळणं कमी झालंय. दाणे बारीक असल्यामुळे काही दात पडलेल्या म्हाताऱ्या ठकीलाही त्रास होत नाही. घटकांमध्ये टॉरिन हे पोषकद्रव्य स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि मी सगळ्यात आधी तेच शोधते. मांजरीच्या शरीरात टॉरिन पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हा संबंध कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं.

माझी तक्रार पिशवीच्या मागच्या बाजूबद्दल आहे. नाव तेच, चित्र तेच, पण या वेळी उत्पादनाच्या ओळीत वेगळाच देश होता. यादीत मका वर सरकला होता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे मक्याचं प्रमाण वाढलं. पिशवीचं वजनही थोडं घटलं होतं. यातलं एक अक्षरही पुढच्या बाजूला नव्हतं.

कंपनीची अडचण मला कळते. कच्चा माल एका देशातून घ्यायचा, तोही बहुधा डॉलरमध्ये, आणि विक्री दुसऱ्या देशाच्या चलनात करायची. ते चलन घसरलं की फटका बसतो. बर्ड फ्लूची साथ आली की आयात करणारे देश त्या भागातल्या कोंबडीच्या मालावर बंदी घालतात. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेलाची टंचाई झाली, कारण त्या तेलाचे सर्वांत मोठे निर्यातदार युक्रेन आणि रशियाच होते. शिवाय प्रत्येक देशाचे आयातीचे आणि लेबलचे नियम वेगळे. अशा वेळी किंमत वाढवायची, वजन कमी करायचं किंवा घटक बदलायचे, हेच मार्ग उरतात. पण बदल केला तर तो ठळक अक्षरांत सांगा. ठकीचं पोट नव्या खाण्याला सावकाशच सरावतं. आधी कळलं असतं तर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळून दिलं असतं.

२००७ चं मेलामाइन प्रकरण आठवलं की माझा आग्रह आणखी वाढतो. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरलं जाणारं रसायन मिसळलेलं होतं. प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात, मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो, म्हणून माल कसदार भासला. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शंभराहून अधिक ब्रँडचा माल परत मागवावा लागला. मेनू फूड्स ही एकच कॅनेडियन कंपनी त्यांतल्या कित्येक ब्रँडसाठी माल बनवत होती, हे तेव्हा अनेक ग्राहकांना पहिल्यांदाच कळलं.

दुसरा ब्रँड घ्या, असं लोक सहज सुचवतात. पण पेडिग्री, व्हिस्कस आणि रॉयल कॅनिन ही तिन्ही नावं मार्स या एकाच कंपनीची आहेत. नाव बदललं म्हणजे मालक बदलतोच असं नाही.

ग्राहक सेवेला मात्र चांगले गुण देईन. बॅच क्रमांक कळवल्यावर त्यांनी कोरड्या खाण्याचा कारखाना कुठला ते नेमकं सांगितलं. त्यांच्याच ओल्या खाण्याच्या पाऊचबद्दल विचारलं तर ‘आमच्या भागीदारांकडून’ एवढंच उत्तर आलं.

पाऊचवर ८ टक्के प्रथिनं वाचून नाक मुरडू नका. त्यात ८० टक्के पाणी आहे. पाणी वगळलं तर प्रथिनं ४० टक्के होतात. कोरड्या खाण्यात ३२ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी, म्हणजे त्याच हिशेबाने साडेपस्तीस. मांजरी मुळात पाणी कमी पितात, त्यामुळे पाऊच मला हवेच होते. पण बनवणाऱ्याचं नाव मिळत नाही, तोवर या कंपनीचे पाऊच मी घेणार नाही. कोरडं खाणं चालू ठेवलंय, आणि आता प्रत्येक नवी पिशवी फोडण्याआधी तिची मागची बाजू जुनीशी ताडून बघते.